रेपोला जोडलेलं गृहकर्ज: साठ हप्ते भरून झाल्यावर

फेब्रुवारी २०२१ मध्ये ३० लाखांचं कर्ज घेतलं, मुदत २० वर्षं. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्के होता. त्यावर बँकेचा स्प्रेड (रेपोच्या वर बँक लावते तो जादा दर) २.६५, म्हणजे व्याज ६.६५ टक्के आणि हप्ता २२,६३३. "इतकं स्वस्त कर्ज परत मिळणार नाही," असं बँकेतले साहेब म्हणाले होते. खरंच होतं ते. ते मलाही फार दिवस मिळणार नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

पहिलं वर्ष आरामात गेलं. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ४.४० केला आणि मग थांबायचं नावच नाही. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सहा वेळा वाढवून तो ६.५० वर नेला. माझ्या कर्जाचा दर तिमाहीच्या सुरुवातीला बदलतो, त्यामुळे प्रत्येक वाढ थोडी उशिरा पोचायची. पण दर महिन्याला खात्यातून जायचे ते २२,६३३ च. मी खूश. आपल्याला काही झळ बसली नाही, असं चारचौघांत सांगितलंसुद्धा.

एप्रिल २०२३ मध्ये करासाठी व्याजाचा दाखला हवा होता, म्हणून स्टेटमेंट उघडलं. दर ९.१५ टक्के. त्या महिन्याच्या हप्त्यातले जवळपास २१,९०० व्याजात गेले होते. मुद्दलात जेमतेम सातशे! सव्वीस हप्ते भरूनही पावणेएकोणतीस लाख शिल्लक. कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं, तर याच हप्त्यात कर्ज फेडायला आणखी ३८ वर्षं लागणार होती. बँकेने हप्त्याला हात न लावता मुदत ताणली होती आणि तसा एक एसएमएस पाठवला होता, जो मी जाहिरात समजून वाचलाच नव्हता. (चूक माझी. पण तो एसएमएस दिसायलाही जाहिरातीसारखाच होता.)

दर आणखी थोडा वाढला असता तर व्याजच हप्त्यापेक्षा जास्त झालं असतं आणि भरता भरता कर्ज वाढत गेलं असतं.

शाखेत जाऊन अर्ज दिला: मुदत मूळचीच ठेवा, हप्ता वाढवा. नवा हप्ता सुमारे २७,३००. घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच नियम काढला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा; किती हप्ते उरले ते दर तिमाहीला कळवा; आणि हप्त्यात निदान व्याज तरी निघालंच पाहिजे. मला चार महिने उशिरा आला, इतकंच.

मग २०२५ उजाडलं. फेब्रुवारीत रेपो ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. एप्रिलची कपात मला जूनच्या कपातीबरोबर १ जुलैला मिळाली. चिडचिड झाली, पण वाढीच्या वेळीही असाच उशीर झाला होता, त्यामुळे फिट्टंफाट. आता दर ७.९० आहे. हप्ता मी कमी करू दिला नाही. म्हणून जानेवारी २०२६ मध्ये पावणेदहा हजारांच्या आसपास रक्कम मुद्दलात गेली. कुठे ते सातशे!

माझी खरी तक्रार स्प्रेडबद्दल आहे. रेपो सगळ्यांना सारखा, पण नव्या गिऱ्हाइकाला हीच बँक माझ्यापेक्षा कमी स्प्रेड देते. जुन्याला तो हवा असेल तर फी भरून रूपांतर करून घ्या म्हणते. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही. फी आणि वाचणारं व्याज यांचा हिशोब मांडला, तर काही महिन्यांत फी वसूल होते, त्यामुळे अर्ज केलाय.

फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही, ही सोय मात्र मी पुरेपूर वापरणार आहे. गेल्या आठवड्यात थोडी रक्कम भरायला गेलो, तर काउंटरवरच्या ताईंनी सवयीने फॉर्मवर "हप्ता कमी" या रकान्यात खूण केली. ती खोडून मी "मुदत कमी" वर केली आणि बाजूला सही केली.