ब्रोमॅडिओलोनची वडी: उंदरांवर भारी, पण घरात गरोदर बाई असेल तर?

पंचगंगेचं पाणी चढलं की उंदीर-घुशी बिळं सोडून घरांत शिरतात आणि कोल्हापुरात ब्रोमॅडिओलोन या उंदीर मारायच्या औषधाच्या रंगीत वडीची मागणी वाढते. औषधाचं प्रमाण 0.005 टक्के, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 5 मिलिग्रॅम. पाव किलोच्या उंदराला हिशेबानं पाच-सहा ग्रॅम पुरतात. तो चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. लगेच मारणारं झिंक फॉस्फाइड हे दुसरं उंदीरविष नेमकं इथंच फसतं. कामाला पैकीच्या पैकी गुण.

माणसाला मात्र हाच सावकाशपणा महागात पडतो. रक्त गोठवणारे घटक बनवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं, ते पुन्हा वापरात येण्याची वाट हे औषध अडवतं. आधीचे घटक संपेपर्यंत, म्हणजे दीड-दोन दिवस, वडी पोटात गेलेली बाई ठणठणीत दिसते. पहिल्या दिवसाचा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. 48 ते 72 तासांनी तो पुन्हा करावाच लागतो. याच घराण्यातलं वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात व्यंग आणू शकतं. म्हणून डॉक्टर इथंही बाळाला धोका धरूनच चालतात.

नुसता हात लागला तर घाबरू नका, साबणानं धुवा. पोटात गेली असेल तर उलटी काढू नका. वेष्टन बरोबर घेऊन सीपीआर हे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, नाहीतर 108 ला फोन करा. उतारा के-1 जीवनसत्त्वाचा. तपासण्यांवर नजर ठेवून तो काही वेळा कित्येक आठवडे द्यावा लागतो. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणू नका, के-3 इथं उपयोगाचं नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा. बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनाही हे सांगायलाच हवं.

तरीही वडी वापरायचीच असेल तर ती कुलपाच्या डब्यात तारेनं अडकवा. सुटी वडी उंदीर ओढून नेतात आणि तुकडे पिठाच्या डब्यामागं सापडतात. ठेवलेल्या वड्या मोजून ठेवा. मेलेले उंदीर उचलायचं काम गरोदर बाईकडे नको, दुसऱ्या कुणी हातमोजे घालून करावं. स्वयंपाकघरात मात्र पिंजराच लावा. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा पुरतो, वास आढ्यापर्यंत जातो.