जुन्या गोठ्यातली लोहारभट्टी: तयार संचातलं काय घ्यावं, काय सोडावं

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे लोहारकामाचा ‘पूर्ण संच’ मागितला की साधारण पाच वस्तू समोर येतात. अँगलच्या पायांवर उभी पत्र्याची भट्टी, तिला जोडलेला विजेचा ब्लोअर, ५० किलोच्या आसपासची ऐरण, बाकावर बसवायचा व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा) आणि दोन-तीन सांडशी. वर धुराचं छत्र आणि पाण्याची टाकी ‘फुकट’. बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि गोठा रिकामा पडला, अशा निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या शेतकऱ्याला हा संच आणून गोठ्यात ठेवला की झालं, असं वाटतं. निकाल आधीच सांगतो: भट्टी आणि ब्लोअर घ्या, ते चांगले बनवून मिळतात. ऐरण आणि व्हाइस नाकारा. छत्र फुकट असलं तरी घेऊ नका आणि वाचलेला पैसा धुराड्यात घाला.

भट्टी घेताना बाहेरचा रंग पाहू नका, मधला खड्डा पाहा. दाखवायला ठेवलेल्या नगात तो बहुतेक ५ मिमी पत्र्याचा असतो. कोकच्या (भाजून वायू काढलेल्या दगडी कोळशाच्या) आचेला असा पत्रा काही महिन्यांत वाकतो आणि मग जाळी बसत नाही. १० मिमी प्लेट मागा. वरून १० बाय १२ इंच आणि जाळीपर्यंत निदान ४ इंच खोली, हे माप विळा-कोयत्यापासून वखराच्या पासेपर्यंत सगळ्याला पुरतं. खोलीत काटकसर चालत नाही. वारा खालून येतो तेव्हा जाळीलगतच्या थरात न जळलेला ऑक्सिजन असतो. लोखंड तिथे पोचलं की वर जाड खपली (जळालेल्या लोखंडाचा थर) धरते आणि धार पातळ होत जाते. कामाच्या खाली ४ इंच निखारा आणि वर २ इंच झाकण असेल तर तापमान तेच राहतं, खपली मात्र निम्म्याने कमी दिसते. ट्रकचा ब्रेक ड्रम वापरणारे बरेच आहेत. ड्रम स्वस्त पडतो, पण गरजेपेक्षा खोल असतो. तळाशी आणि कडेला राख-माती थापून तो आकाराने लहान केला नाही तर कोळसा दुप्पट जळतो.

जाळी सळयांची देतात, ती नको. १२ मिमी प्लेटला ८ ते १० मिमीची सात-आठ भोकं पाडून घ्या, प्लेट सैल बसलेली असू द्या, म्हणजे जळाली की बदलता येते. तिच्या खाली ३ इंची पाइपचा टी असतो: एका बाजूने वारा आत येतो, तळातून राख पडते. हा तळ झाकण वेल्ड करून बंद केलेला असेल तर नग परत करा. तिथे वजनाने आपोआप मिटणारी झडप हवी. राख काढण्यापलीकडे तिचा उपयोग आहे. कच्चा दगडी कोळसा नुकताच टाकलेला असताना ब्लोअर बंद केला तर कोळशातला वायू उलटा पाइपात भरतो आणि ब्लोअर पुन्हा लावताच आवाज करून पेटतो. झडप असली तर धक्का खाली निघून जातो, नसली तर ब्लोअरचं पाकीट, म्हणजे पात्यांभोवतीचं कवच, फुटतं. त्यामुळे काम थांबवताना वारा पूर्ण तोडू नये, किंचित चालू ठेवावा.

ब्लोअर म्हणून कधी कधी एसीची धूळ उडवायचा हातातला ब्लोअर बांधून देतात. तासाभराच्या कामाला तो चालतो. रोजच्या कामात ब्रश झिजतात आणि आवाजाने डोकं उठतं. इंडक्शन (बिनब्रशच्या) मोटरचा, पाकिटातल्या पात्यांचा साधा ब्लोअर घ्या. त्यावर पंख्याचा रेग्युलेटर लावून देण्याची पद्धत आहे, ती मान्य करू नका: मोटर गुणगुणते, तापते आणि कमी वेगात नीट सुरूच होत नाही. वारा पाइपात सरकती पट्टी बसवून कमी-जास्त करावा. या जातीच्या ब्लोअरचं तोंड दाबलं तर मोटरवरचा भार वाढत नाही, उलट कमी होतो. ब्लोअर भट्टीपासून दोन-अडीच फूट लांब आणि पाइपाच्या पातळीपेक्षा थोडा वर असावा.

विजेचं एक कलम लक्षात असू द्या. शेतीपंपाच्या जोडणीवरून ब्लोअर आणि ग्राइंडर चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळतो. घराच्या किंवा वेगळ्या जोडणीवरून सिंगल फेज घ्या आणि हाताने फिरवायचा पंखा जवळ ठेवा. कोकची आग वारा तुटला की दहा-पंधरा मिनिटांत मंदावते, लाकडी कोळसा मात्र तग धरून राहतो.

आता ऐरण. संचातली ऐरण ‘कास्ट स्टील’ म्हणून विकतात, प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा बिडाची (ठिसूळ ओतीव लोखंडाची) असते. रंग मारला की डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून खिशात २५ मिमीची बेअरिंगची गोळी आणि जुनी कानस घेऊन जा. गोळी १० इंचांवरून ऐरणीवर सोडा. ७ इंच किंवा जास्त उसळली तर पृष्ठभाग कडक आहे. २-३ इंचांवर थांबली तर बीड, घासाघीसही करू नका. गोळी मधोमध टाकून थांबू नका, चारही कडांवर आणि शिंगाच्या (पुढच्या निमुळत्या टोकाच्या) मुळाशी टाका. वर पातळ कडक पत्रा वेल्ड केलेल्या ऐरणीत मध्यभागी उसळी चांगली येते आणि कडेला ती मरते. मग कानस फिरवा: घसरली पाहिजे, चावली तर पाणी दिलेलं नाही, म्हणजे तापवून विझवून कडक केलेली नाही. विक्रेता हरकत घेत नसेल तर बुडाला ग्राइंडर लावून ठिणगी पाहा. बिडाची ठिणगी आखूड आणि मंद लाल, पोलादाची लांब आणि पिवळसर पांढरी. बिडाची ऐरण घण खाऊन कडेने तुकडे सोडते आणि ते डोळ्याच्या उंचीवर उडतात.

तिच्या जागी प्रेस टूलचा जुना डाय ब्लॉक, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याचा पोलादी ठोकळा, घ्या. औद्योगिक वसाहतीच्या शहरात ही चीज सहज हाती लागते, हे नाशिककरांचं भाग्यच. १५० बाय १५० मिमी आणि ३०० मिमी उंचीचा ठोकळा ५३ किलो भरतो, आणि उभा ठेवला की हातोड्याच्या खाली पूर्ण वजन येतं. शिंग नसतं एवढीच उणीव. कड्या आणि गोलाई जाड पाइपाच्या तुकड्यावर होते. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारावर २०१७ मध्ये महापालिकेने मोठी अतिक्रमण कारवाई केली, म्हणून जुन्या पत्त्यावर विसंबून टेम्पो घेऊन जाऊ नका, आधी चौकशी करा.

रेल्वेच्या रुळाचा तुकडाही ऐरण म्हणून चांगला. ५२ किलो प्रतिमीटरचा दीड फूट रूळ २४ किलोच्या आसपास भरतो. आडवा ठेवला तर पातळ कंबरेमुळे लवतो, उभा गाडला तर घट्ट बसतो. मात्र बिल नसलेला रूळ घेऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ मध्ये ज्याच्याकडे माल सापडतो त्यालाच तो रीतसर मिळवल्याचं दाखवावं लागतं.

५० किलोची ऐरण एक किलोच्या हातोड्याला योग्य. समोरून दुसरा माणूस घण मारणार असेल तर ८० किलोच्या खाली येऊ नका. ऐरणीखाली बाभळीचं खोड उभ्या रेषांनी दोन फूट गाडावं, पण काळ्या मातीत नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, एप्रिलपर्यंत खोड डुलायला लागतं. तीन फूट रुंद खड्डा घेऊन मुरूम धुमसून भरा, गाडलेल्या भागाला वाळवीचं औषध लावा. उभं राहून हात सैल सोडला की मुठीची बोटं जिथे टेकतील ती ऐरणीची उंची. दगड-मातीच्या भिंतीपासून चार-पाच फूट लांब बसवा, नाहीतर घणाच्या हादऱ्याने सांध्यांतली माती झडत राहते. निफाडच्या थंडीत सकाळी ऐरणीवर पाच मिनिटं गरम लोखंडाचा तुकडा ठेवा. थंड ऐरण पातळ पात्यातली उष्णता ओढून घेते आणि तिच्या कडक कडाही अशा वेळी लवकर उडतात.

व्हाइस बिडाचा असतो, त्यात धरून ठोकलं की जबडा तडकतो. जमिनीपर्यंत पाय जाणारा जुना लेग व्हाइस शोधा, स्क्रूचा आटा शाबूत आहे का एवढं पाहा. सांडशी ठीक.

गोठ्याचा विचार करताना आधी छप्पर पाहा. पाचट किंवा गवताचं असेल तर विषय संपला. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, आणि तापलेल्या पाइपाजवळ पत्रा फुटून तुकडे उडतात. कौलारू गोठा सगळ्यांत चांगला. सागाचे वासे आणि एकेरी पत्र्याचा धुराडा यांत १८ इंच मोकळी जागा ठेवा. कडबा, भुसा, कांद्याच्या गोण्या आणि डिझेल त्याच छपराखाली नको, मधे भिंत असली तरी. लाकडी कोळसा तडतडतो आणि त्याची ठिणगी वाशांपर्यंत जाते, हे विसरू नका.

संचातलं छत्र भट्टीच्या वर तीन फुटांवर लटकतं आणि त्याला ६ इंची पाइप असतो. ते धुरापेक्षा गोठ्यातली थंड हवाच जास्त ओढतं. पाइप तापत नाही, म्हणून ओढ लागत नाही, आणि धूर कौलांखाली जमतो. त्याऐवजी आगीच्या अगदी कडेला, भट्टीच्या पातळीवर १० बाय १२ इंचांचं उभं तोंड करा आणि १० ते १२ इंची पाइप सरळ वर न्या. वाकण शून्य असेल तर उत्तम. पाइप आढ्याच्या वर तीन फूट निघाला पाहिजे, नाहीतर वारा छपरावरून घसरताना धूर खाली ढकलतो. भट्टीलगतचे पहिले चार फूट काळ्या (जस्ताचा थर नसलेल्या) पत्र्याचे असावेत. पावसाची टोपी पाइपाच्या अर्ध्या व्यासाइतकी तरी उंच ठेवा. भिंतीतून न्यायचा झाला तर नवं भोक फोडू नका. ओबडधोबड दगडांच्या भिंतीत तोडीशिवाय (वरच्या आडव्या आधाराशिवाय) फोडलेलं भोक वरचा भाग घेऊन खाली येतं. असलेली खिडकी वापरा.

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून कायम उघडं राहणारं दार पूर्वेला बरं. खाली एक आणि वर एक अशी दोन उघडी तोंडं थंडीतही बुजवायची नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोठ्यातला अंधार मात्र फायद्याचा आहे. लोखंडाचा रंग सावलीतच कळतो: मंद लाल ६५०-७०० अंश, नारिंगी ९५० च्या आसपास, पिवळा ११००. भट्टीवर थेट ऊन पडेल अशी काचेची कौलं घालू नका.

जमिनीचा वरचा सहा इंच थर उकरून टाका. गोमूत्राने मुरलेल्या मातीत क्षार असतात, ते ओल धरतात आणि अवजारं गंजतात. त्या जागी मुरूम ठोकून घ्या. शहाबादी फरशी किंवा कोबा भट्टीजवळ नको. लाल लोखंड पडलं की कोब्याचे टवके उडतात.

जळणात वीटभट्टीचा कोळसा टाळा. राख जास्त, कीट (राखेचा वितळून घट्ट झालेला गोळा) जाळीवर घट्ट बसतं आणि वारा कोंडतो. फाउंड्रीचा कोक मोठ्या ढेकळांत मिळतो, तो दीड इंचापर्यंत फोडून घ्यावा. बाभळीचा कोळसा पाती आणि धारेच्या कामाला सर्वांत स्वच्छ.

मालाबाबत द्राक्षपट्ट्यात एक खास धोका आहे. मोडलेल्या मंडपाचे अँगल आणि तार गावोगाव स्वस्तात मिळतात, पण त्यांवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड घडण्याजोगं होण्याआधीच. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. असला माल भट्टीत घालू नका. पात्यांसाठी महामार्गालगतच्या पाटेवाल्यांकडून ट्रकचे कमानपाटे घ्या. तुटलेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, तेव्हा तुटलेल्या टोकापासून दोन-तीन इंच कापून टाका.

पाटा ८५० अंशांच्या पुढे नेऊन तेलात विझवायचा असतो. चुंबक सुमारे ७७० ला सुटतं, त्यानंतर रंग आणखी एक छटा उजळू द्या. संचासोबतची पाण्याची टाकी इथे कामाची नाही, पाण्यात पाटा तडकतो. जुनं इंजिन ऑइलही नको, धूर विषारी असतो. दहा-पंधरा लिटर खाद्यतेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून वापरा. मग ठिसूळपणा घालवायला पातं घासून उजळ करा आणि पाठीकडून हळू तापवा. धारेवर गवती, तपकिरी, जांभळा असे रंग चढत येतात. दगडाला लागणाऱ्या खुरप्याला जांभळ्या-निळ्यावर थांबावं. तेलाची टाकी लोखंडी आणि अरुंद तोंडाची घ्या, तिला घट्ट बसणारं झाकण बनवून मागा. तेल पेटलं तर झाकणानेच विझतं, पाणी ओतलं तर भडकतं.