व्हॉल्व्ह रेडिओचा स्पीकर: जुनाच चिकटवायचा की नवा टाकायचा?

आमच्या घरचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ तुरीच्या पोत्यांमागून निघाला, तेव्हा स्पीकरचा कागद उंदरानं कुरतडलेला. आबाजी म्हणाले, "नवा टाकून दे ना बावा."

सोपं वाटतं खरं. यवतमाळला गेलं की स्पीकर मिळतो, तासाभरात बसतो. पण गाडीत लावतात तो जड पडद्याचा आणला, तर आवाज दबतो. या रेडिओची ताकदच दोन-चार वॅटची, त्याला हलका कागदच हवा. ओहमही (स्पीकरचा विद्युत अडथळा) जुळवा: जुने बहुधा 3 ते 5 चे असतात, म्हणून 4 चा घ्या. आणि मागे चुंबकाऐवजी तारेचं जाडजूड वेटोळं दिसलं, तर सरळ बदली विसरा. ते बहुतेकदा वीजपुरवठ्यातल्या चोकचंही (गुणगुण गाळणाऱ्या गुंडाळीचं) काम करतं. काढलं की दुसरी सोय करावी लागते.

चिकटवण्यात वेळ जातो, पैसा नाही. पातळ टिश्यू, पाणी घातलेला फेविकॉल, भेगेच्या दोन्ही बाजूंनी एकेक थर, रात्रभर वाळवण. मग बोटांनी कागद हळूच, सगळीकडून सारखा दाबायचा. खरखर लागली तर आतली व्हॉइस कॉइल (कागदाला जोडलेली तारेची गुंडाळी) घासते आहे. कॉइलच तुटली असेल, तर मात्र कारागीर गाठा.

मी चिकटवला. 585 किलोहर्ट्झवर नागपूर लागलं, खर्जात जरा भसाडं, पण तोच आवाज. (पथ्य दोन्हींत एकच: स्पीकर सुटा असताना रेडिओ चालू करू नका, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)