‘रद्द करा’ : दुवा की बटण?

वेबपानावरील फॉर्मच्या तळाशी ‘जमा करा’च्या शेजारी येणारे ‘रद्द करा’ दुवा असावे की बटण, हा प्रश्न आमच्या दादरच्या कार्यालयात दर नव्या कामाला निघतो.

रद्द करणे म्हणजे केवळ मागच्या पानावर परतणे असेल, तर दुवाच प्रामाणिक ठरतो : स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) त्याला ‘लिंक’ म्हणतो आणि ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट ही आज्ञावली बंद असली तरी तो चालतो. मात्र कीबोर्डवरून तो एंटरनेच उघडतो, बटणासारखा स्पेसने नाही. स्पेस दाबल्यास पान खाली सरकते. हाताच्या कंपामुळे माउस न वापरणाऱ्या आमच्या एका सहकारी ताईंनी बटणासारख्या रंगवलेल्या दुव्यावर तीनदा स्पेस दाबली आणि फॉर्मच अडकला, असे त्यांना वाटले. दुवा दुव्यासारखाच दिसावा, हा आग्रह मी तेव्हापासून सोडलेला नाही.

संवादचौकट (पानावर उघडणारी छोटी खिडकी) बंद करायची किंवा भरलेला मजकूर टाकून द्यायचा असेल, तर बटणच हवे. त्याचा प्रकार ‘बटन’ असा स्पष्ट लिहावा, कारण फॉर्ममधील बटणाचा प्रकार न लिहिल्यास एचटीएमएल, म्हणजे वेबपाने लिहिण्याची भाषा, ते ‘सबमिट’ (जमा करणारे) धरते आणि रद्द करू पाहणाऱ्याचाच अर्ज जमा होऊ शकतो. ‘रीसेट’ प्रकारचे बटण तर टाळावेच. ते न विचारता भरलेले सारे पुसते. चौकट बंद झाल्यावर फोकस (कीबोर्डची पानावरची सध्याची जागा) ती उघडणाऱ्या बटणावर परत न्यावा, नाहीतर वाचणारा पानाच्या आरंभी फेकला जाऊ शकतो.

ऑक्टोबर २०२३ मधील डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावे यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे) ची दाबायच्या जागेचा आकार किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरील मापाचे एकक) असावा ही अपेक्षा अशा दोन्ही पर्यायांना लागू होते.