मुलीचं नाव शोधताना घेतलेली ६० रुपयांची पुस्तिका

कोल्हापुरात महाद्वार रोडनं अंबाबाईच्या देवळाकडं जाताना पूजेच्या सामानाच्या दुकानांत बाळांच्या नावांच्या पुस्तिका टांगलेल्या दिसतात. त्यातली एक ६० रुपयांना घेतली. भाचीचं बारसं तोंडावर आलं होतं आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. वहिनीची मागणी एकच: नाव ऐकताना धुक्यातनं चालल्यागत वाटलं पाहिजे, आणि वर्गात त्या नावाची दुसरी कुणी नको.

पुस्तिकेचे पैसे वसूल होतात ते शेवटच्या पानांवर. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची ४ चरणं, अशा १०८ चरणांचा अक्षरांसकट तक्ता आहे आणि तो नीट वाचता येतो. भाची धनत्रयोदशीच्या रात्रीची, अंबाबाईचा किरणोत्सव चालू होता त्या दिवसांतली. नक्षत्र हस्त, चौथं चरण, अक्षर 'ठ'. 'ठ'वरून मुलीचं नाव काय ठेवणार? हस्ताची अक्षरंच तशी: पू, ष, ण, ठ. अशा वेळी कन्या राशीतलं 'प' घेतात, हे तक्त्याखाली बारीक अक्षरांत दिलंय. ते वाचलं तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. पत्रिकेत नावरस नाव 'प'वरून घातलं आणि हाक मारायच्या नावाला आम्ही मोकळे झालो.

नावांच्या यादीचा मात्र मला राग आला. पानंच्या पानं 'देवी', 'लक्ष्मी', 'सुंदर' एवढेच अर्थ. काही नावं तर नुसती अक्षरं जुळवून केलेली, कुठल्याच कोशात सापडत नाहीत. उद्या पोरगी अर्थ विचारेल तेव्हा तिला खरं उत्तर मिळायला नको का? शेवटी मी अमरकोश, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांचा जुना कोश, काढला. तिथं दव-धुकं-हिमाचे शब्द एका जागी आहेत: नीहार, तुषार, तुहिन, प्रालेय, मिहिका. चांदण्याला चंद्रिका, कौमुदी, ज्योत्स्ना. रात्रीला शर्वरी, विभावरी, यामिनी. आणि विजेला क्षणप्रभा! यातली बरीच पुस्तिकेतही आहेत, पण आद्याक्षरानुसार विखुरलेली. अर्थानुसार लावली असती तर वहिनीसारखीला किती सोपं गेलं असतं.

मग एकेक नाव गच्चीवरनं मोठ्यानं हाक मारून बघितलं. 'क्षणप्रभा' माझं फार लाडकं, पण आजीच्या तोंडी ते 'शनपरबा' झालं, आणि आमच्या पेठेत तर संध्याकाळपर्यंत त्याचं 'क्षणे' होणार. 'ज्योत्स्ना'लाही आजी अडखळली. 'मिहिका' तिनं पहिल्या फटक्यात स्वच्छ म्हटलं. वडिलांचं नाव, आडनाव जोडून म्हटलं तरी कानाला गोड. वहिनीचे डोळेच भरून आले. बारशाला मी तेच कानात सांगितलं.

पुस्तिकेत एक पान जन्मदाखल्यावर हवं होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतर घालता येतं: १२ महिन्यांपर्यंत फुकट, त्यापुढं १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा बाराव्या दिवसाच्या धास्तीनं हाताला लागेल ते नाव उचलू नका. आणि दाखल्यासाठी जाताना नाव मराठीत, इंग्रजीत कागदावर लिहूनच न्या. पुस्तिकेच्या भरवशावर राहू नका, तिच्यात 'नीहारिका'चा 'नी' ऱ्हस्व छापलाय.