असॅसिन्स क्रीडच्या कादंबऱ्या: मंडई ते पिंपरी, आठ महिने

भाच्याने 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेतले व्हिडिओ गेम खेळून संपवले आणि त्यांच्यावरची पुस्तकं माझ्या गळ्यात मारली. "मामा, तुला ऐतिहासिक आवडतं ना, मग हे वाच." मी स्वतः यातला एकही गेम खेळलेलो नाही, तो खेळताना मागे चहा पीत बसलोय, तेवढंच. आठ महिन्यांत मेट्रोने ऑफिसला जाता-येता तीन कादंबऱ्या झाल्या. लेखक ऑलिव्हर बाउडन, पण ते टोपणनाव.

पहिली 'रेनेसान्स' (२००९). फ्लॉरेन्सचा एत्सिओ, बाप आणि भाऊ फासावर, मग सूड. कथा पळते खरी, पण गेमचा सांगाडा सारखा टोचतो. कोणीतरी नाव सांगतं, एत्सिओ भिंत चढतो, त्या माणसाला संपवतो, खाली उतरतो. पुढचं नाव. हातात कंट्रोलर असेल तर मजा येत असेल. मी मात्र भिंती गाळून संवाद वाचायला लागलो. वर जागोजागी इटालियन शब्द, त्यांचे अर्थ शेवटी. सकाळच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून मागची पानं उलटून दाखवा!

तरी या पुस्तकाचे उपकार आहेत. २६ एप्रिल १४७८ ला फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये शहरावर सत्ता असलेल्या मेदिची घराण्यातल्या ज्युलियानोला भोसकलं, भाऊ लोरेन्झो जखमी होऊन निसटला, हे सगळं खरंच घडलंय, हे मला घरी येऊन शोधल्यावर कळलं. मारेकऱ्यांपैकी बारोंचेल्ली पुढे पकडला गेला, १४७९ मध्ये फासावर चढला, आणि लटकणाऱ्या त्या देहाचं रेखाटन लिओनार्दो दा विंचीने केलं. शेजारी कपड्यांचे रंगही टिपून ठेवले! गेममध्ये बारोंचेल्लीला एत्सिओच उडवतो आणि लिओनार्दो बिचारा हत्यारं दुरुस्त करत बसतो. खरा प्रसंग जास्त अंगावर येतो.

'फॉरसेकन' (२०१२) मात्र चीज आहे. हेथम केनवेची डायरी, सुरुवात १७३५ च्या लंडनमध्ये. दहा वर्षांचं पोरगं, शेजारच्या मुलांत मिसळायची बंदी, बापाकडून गुपचूप तलवारीचे धडे. मग एका रात्री घरावर हल्ला होतो आणि बाप जातो. गेममध्ये हाच माणूस आधी नायक वाटतो आणि मग टेम्प्लर, म्हणजे असॅसिन्सच्या शत्रूंपैकी एक, निघतो. (गेम येऊन दशक उलटलं, रहस्यभंगाची ओरड नको.) इथे भिंती चढणं कमी, माणूस जास्त. याला वाढवलं कोणी आणि फसवलं कोणी, हे त्याच्याच तोंडून कळत जातं. मी पिंपरीला उतरायचं विसरलो ते याच पुस्तकात. बरं, ते शेवटचंच स्टेशन होतं.

'अंडरवर्ल्ड'मध्ये अमृतसरचा जयदीप १८६२ च्या लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या खोदकामावर राबतो. मंडईच्या बोगद्यात बसून हे वाचायला मजा आली. उत्तरार्ध पुन्हा गेमच्या वळणावर जातो.

एक तक्रार: माझी 'फॉरसेकन'ची प्रत रस्त्यावरची, जुनी. पावसाळ्यात मधली पानं सुटली, आता रबरबँड लावलाय.

गेम खेळला नसेल तर थेट 'फॉरसेकन'च घ्या. खेळला असेल तरी घ्या. भाच्याला वाचायला लावलं. चार दिवसांनी फोन आला, "मामा, याला तर मीच मारलं होतं रे." आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.