ऑप्टिमस प्राइम : एमपी-१ की एमपी-१०?

ऑप्टिमस प्राइम म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला, ट्रकचा रोबो होणारा नायक; त्याच्या दोन खेळण्यांतलं कुठलं घ्यावं, हा प्रश्न. टाकारा या जपानी खेळणी कंपनीच्या, संग्राहकांसाठीच्या मास्टरपीस मालिकेची सुरुवातच २००३ साली एमपी-१ ने झाली. जवळजवळ ३० सेंटिमीटर उंची आणि अंगात भरपूर धातू. हातात घेतला की मनगटाला वजन कळतं. ट्रक केल्यावर चाकांवर बोटाने दाबा, खरोखरचं सस्पेन्शन खालीवर होतं! पण हेच वजन पुढे सांध्यांवर येतं. जुना नग घेणार असाल तर तो एका पायावर उभा करून बघा. कंबर आणि घोटे ढिले असतील तर लगेच झुकतो. शिवाय मूळ एमपी-१ सोबत ट्रेलर नव्हता.

२०११ चा एमपी-१० आकाराने लहान, बहुतांशी प्लास्टिकचा, आणि ट्रेलरसकट आला. पोज देताना तो कुरकुरत नाही. मुख्य म्हणजे मालिकेतले नंतरचे, गाड्या होणारे रोबो त्याच्याच मापाने निघाले. एमपी-१ त्यांच्या शेजारी ठेवला की शाळेच्या फोटोत शिपाईमामा उभे राहिल्यासारखं दिसतं.

छातीत मॅट्रिक्स (कथेतलं त्याचं शक्तिचिन्ह) दोघांच्याही आहे. नकला मात्र एमपी-१० च्या उदंड, तेव्हा रंगाची कड आणि खोका नीट तपासा.

पूर्ण ताफा जमवायचा तर एमपी-१०. एकटाच मिरवायचा असेल तर माझं मत त्या जुन्या जडशीळ गड्याला.